अन्ननलिकेतला रक्तस्राव आणि फुग्याची नळी : चोवीस तासांचा अवधी

यकृताचा जुना आजार असलेल्या माणसाला अचानक रक्ताची मोठी उलटी होते, तेव्हा ते रक्त बहुतेक वेळा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या फुगलेल्या शिरांमधून आलेले असते. औषधे आणि एन्डोस्कोपी यांच्या साहाय्याने आज बहुतेक रुग्णांचा रक्तस्राव आटोक्यात येतो. मात्र दहापैकी एखाद्या-दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो या दोन्ही उपायांना दाद देत नाही, किंवा तो इतका जोराचा असतो की दुर्बिणीतून फुटलेली शीर दिसतच नाही. अशा वेळी आयसीयूतले डॉक्टर नातेवाइकांना बोलावून सांगतात की, आता तोंडातून फुग्याची नळी टाकावी लागेल. नातेवाइकांना हे शब्द सहसा पहिल्यांदाच ऐकायला मिळतात, आणि समजून घेण्याइतका वेळही तेव्हा हाताशी नसतो. म्हणून ही नळी कशी आहे, ती नेमके काय करते आणि काय करत नाही, हे येथे सविस्तर मांडले आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो : ही नळी आजार बरा करत नाही, ती फक्त वेळ मिळवून देते, आणि त्या वेळात पुढे काय करायचे हे ठरलेले असेल तरच तिचा रुग्णाला उपयोग होतो.

शिरा का फुगतात

जठर, आतडी आणि प्लीहा यांच्याकडून परतणारे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून आधी यकृतात जाते. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त या एकाच मार्गाने येते. सिऱ्होसिसमध्ये यकृतात व्रणासारख्या कडक ऊतींचे जाळे तयार होते, आतल्या बारीक रक्तमार्गांवर दाब येतो आणि रक्ताला पुढे सरकणे अवघड होते. पाटाचे दार अर्धे बंद केले की मागचे पाणी चढते आणि मिळेल त्या आडवाटेने निघून जाऊ पाहते, तसेच इथे होते. पोर्टल व्हेनमधले तुंबलेले रक्त यकृताला वळसा घालून हृदयाकडे जाणारे रस्ते शोधते, आणि त्यांतला एक महत्त्वाचा रस्ता जठराच्या वरच्या भागातून अन्ननलिकेच्या शिरांमध्ये जातो. या शिरा मुळात केसासारख्या बारीक असतात. वर्षानुवर्षे नको इतके रक्त वाहत राहिल्याने त्या रुंद आणि नागमोडी होतात. त्यांनाच वैद्यकात व्हेरिसेस म्हणतात.

पोर्टल व्हेनमधला दाब आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांमधला दाब यांतला फरक निरोगी माणसात पाऱ्याच्या १ ते ५ मिलिमीटरइतका असतो. तो १० च्या वर गेला की व्हेरिसेस तयार होऊ लागतात आणि १२ च्या वर गेला की त्या फुटण्याचा धोका सुरू होतो. कोणती शीर फुटेल हे केवळ आतल्या दाबावर ठरत नाही. शीर जितकी रुंद आणि तिची भिंत जितकी पातळ, तितका त्याच दाबाखाली त्या भिंतीवर येणारा ताण अधिक असतो. अन्ननलिकेच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये या शिरा अस्तराच्या अगदी लगत खाली असतात आणि त्यांना आजूबाजूच्या ऊतींचा आधार फारसा मिळत नाही. त्यामुळे बहुसंख्य रक्तस्राव याच छोट्याशा पट्ट्यातून होतात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, कारण फुग्याने नेमका हाच पट्टा गाठता येतो.

रक्ताची उलटी म्हणजे दारूचा आजार, असा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि तो अनेक कुटुंबांवर अन्याय करणारा आहे. दारू हे मोठे कारण आहे यात शंका नाही, परंतु हेपटायटिस बी आणि सी, तसेच मधुमेह व स्थूलपणा यांच्याबरोबर येणारा फॅटी लिव्हरचा आजार यांमुळेही सिऱ्होसिस होतो. भारतात आणखी एक प्रकार आढळतो : यकृत जवळपास निरोगी असते, पण पोर्टल व्हेनच लहानपणी गुठळीमुळे बंद झालेली असते. अशा मुलाला कावीळ नसते, पोटात पाणी नसते, थोडी वाढलेली प्लीहा एवढेच काय ते लक्षण असते, आणि एके दिवशी ते मूल रक्ताची उलटी करते. भारतातल्या लहान मुलांच्या मोठ्या रक्तस्रावांमागे हे एक प्रमुख कारण आहे.

नळीच्या आधीचे उपाय

रक्तस्राव सुरू झालेल्या रुग्णाला सर्वांत आधी फुग्याची नळी टाकली जात नाही. प्रथम दोन मोठ्या सुया लावून सलाइन आणि रक्त सुरू केले जाते. इथे एक गोष्ट नातेवाइकांना अनेकदा खटकते. रुग्णाचे इतके रक्त गेले असताना डॉक्टर हिमोग्लोबिन ७ ते ८ ग्रॅमच्या आसपासच का ठेवतात, भरपूर रक्त का चढवत नाहीत? याचे उत्तर वर सांगितलेल्या दाबात आहे. रक्त जास्त चढवले की पोर्टल व्हेनमधला दाबही वाढतो आणि फुटलेली शीर पुन्हा वाहू लागते. बार्सिलोना येथे झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, हाताचे राखून रक्त दिलेल्या रुग्णांमध्ये सहा आठवड्यांनी जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण सढळ हाताने रक्त दिलेल्या रुग्णांपेक्षा अधिक आढळले.

त्याच वेळी टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड यांसारखे औषध शिरेतून सुरू करतात. आतड्यांकडे जाणारे रक्त त्यामुळे कमी होते आणि पर्यायाने पोर्टल व्हेनमधला दाब उतरतो. प्रतिजैविकही लगेच दिले जाते, कारण या रुग्णांना जंतुसंसर्ग चटकन होतो आणि संसर्ग झाला की रक्तस्राव परत होण्याची शक्यता वाढते. रुग्ण थोडा स्थिर झाला की, शक्यतो बारा तासांच्या आत, एन्डोस्कोपी केली जाते. दुर्बिणीतून फुगलेली शीर शोषून घेऊन तिच्या मुळाशी छोटा रबरी बँड बसवतात. शिरेचा तेवढा भाग रक्ताविना सुकतो आणि काही दिवसांत गळून पडतो. बहुतेक रुग्णांसाठी एवढे पुरेसे असते.

फुग्याची नळी लागते ती यानंतर. बँड लावूनही रक्त थांबत नाही, किंवा थांबून पुन्हा सुरू होते, किंवा रक्ताच्या लोंढ्यात दुर्बिणीला काहीच दिसत नाही, किंवा एन्डोस्कोपीची सोय दूर आहे आणि तेवढा वेळ रुग्ण तग धरणार नाही, अशा परिस्थितीत ती वापरतात.

जुने साधन आणि त्याचा वादग्रस्त इतिहास

रॉबर्ट सेंगस्टाकेन आणि आर्थर ब्लेकमोर या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी दोन फुगे असलेल्या या नळीचे वर्णन १९५० साली प्रसिद्ध केले. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या काळी लवचीक एन्डोस्कोप अस्तित्वात नव्हता, पोर्टल व्हेनमधला दाब उतरवणारी आजची औषधे नव्हती, आणि तातडीची शस्त्रक्रिया करायची तर यकृत निकामी झालेल्या रुग्णाला ती झेपत नसे. बाहेरून दाबता न येणाऱ्या जखमेवर आतून दाब देण्याची ही युक्ती त्यामुळे लवकरच सर्वत्र पसरली.

पसरली तसे तिचे धोकेही दिसू लागले. १९६७ साली हॅरॉल्ड कॉन आणि त्यांच्या सहकाऱ्याने या उपचाराचा कठोर आढावा प्रसिद्ध केला आणि नळीमुळेच दगावणाऱ्या रुग्णांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही, असे दाखवून दिले. श्वासमार्ग अडणे, पोटातले रक्त फुप्फुसात जाणे आणि अन्ननलिका फाटणे ही त्यामागची मुख्य कारणे होती. तो इशारा वाया गेला नाही. १९६८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून सुधारित नळी पुढे आली. अन्ननलिकेच्या फुग्याच्या वर साचणारी लाळ आणि रक्त शोषून घेण्यासाठी तिच्यात एक जादा मार्ग होता. पाठोपाठ १९७१ मध्ये असेही दिसून आले की, नळी टाकण्याची पद्धत काटेकोरपणे ठरवून अनुभवी हातांनी ती पाळली, तर परिणाम बरेच चांगले आणि अपाय बरेच कमी असतात. माझ्या मते या साधनाच्या संपूर्ण इतिहासातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. नळी तीच असते. ती कोण टाकतो, टाकल्यावर कोण लक्ष ठेवतो आणि किती शिस्तीने ठेवतो, यावर रुग्णाचे बरेवाईट ठरते.

दोन फुगे काय करतात

सेंगस्टाकेन-ब्लेकमोर नळीत तीन स्वतंत्र मार्ग असतात : एक जठरातल्या फुग्यात हवा भरण्यासाठी, दुसरा अन्ननलिकेतल्या लांबट फुग्यात हवा भरण्यासाठी आणि तिसरा जठरातले रक्त बाहेर काढण्यासाठी. मिनेसोटा नळीत चौथा मार्ग असतो. लिंटन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणखी एका नळीत सुमारे ६०० मिलिलिटरचा एकच मोठा फुगा असतो आणि ती मुख्यतः जठराच्या वरच्या भागातल्या शिरांसाठी वापरली जाते.

अन्ननलिकेत रक्त वाहते म्हणजे अन्ननलिकेतला फुगा महत्त्वाचा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात काम करतो तो बहुतांशी जठरातला गोल फुगा. या शिरांमधले रक्त खालून वर, म्हणजे जठराकडून अन्ननलिकेकडे वाहत असते. जठरात फुगा फुगवून नळी बाहेरून हलकेच ओढून धरली की, तो फुगा अन्ननलिका आणि जठर जिथे मिळतात त्या तोंडाशी घट्ट बसतो आणि तिथून वर जाणाऱ्या शिरा दाबून टाकतो. वरच्या फुटलेल्या शिरेला होणारा रक्ताचा पुरवठाच तुटतो. म्हणून आज बहुतेक ठिकाणी आधी केवळ जठरातला फुगा फुगवतात आणि थांबून पाहतात. रक्त तरीही येत राहिले तरच अन्ननलिकेतला फुगा फुगवला जातो, कारण अपाय करण्याची क्षमता त्याच्यात जास्त आहे.

एवढ्याशा फुग्याने इतका मोठा रक्तस्राव थांबतो कसा, हा प्रश्न रास्त आहे. रक्तस्राव भयानक दिसत असला तरी तो शिरेतून होत असतो, धमनीतून नव्हे. धमनीतला दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत चढतो. फुगलेल्या शिरांमधला दाब सामान्य शिरांपेक्षा कितीतरी जास्त असला तरी धमनीच्या मानाने तो बराच कमी असतो. अन्ननलिकेतल्या फुग्यात साधारण ३० ते ४५ मिलिमीटरचा दाब ठेवला तर तो पुरतो. हेच कारण उलट बाजूनेही लागू पडते. जठरातल्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अल्सरमधून धमनी फुटून रक्त वाहत असेल, तर या नळीचा उपयोग नाही. त्यामुळे रक्त व्हेरिसेसमधूनच येत आहे याची शक्य तितकी खात्री आधी करावी लागते. अन्ननलिकेवर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा ती एखाद्या ठिकाणी अरुंद झालेली असेल, तर नळी टाकणे धोक्याचे ठरते.

नळी टाकताना

आजच्या पद्धतीनुसार, नळी टाकण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येक रुग्णाला झोपेचे औषध देऊन श्वासनलिकेत नळी घातली जाते आणि व्हेंटिलेटर लावला जातो. रक्ताच्या उलट्या होणारा, यकृताच्या आजारामुळे गुंगीत असलेला माणूस स्वतःचा श्वासमार्ग सांभाळू शकत नाही. घशातून जाडशी नळी सरकवताना उलटी झाली तर रक्त थेट फुप्फुसात जाते. १९६७ च्या त्या आढाव्यातले अनेक मृत्यू या एका खबरदारीने टळले असते. म्हणून व्हेंटिलेटर लावला म्हणजे आता सगळे संपले, असा अर्थ नातेवाइकांनी काढू नये. या परिस्थितीत तो श्वासमार्गाच्या रक्षणासाठी लावलेला असतो.

दोन्ही फुगे आधी बाहेर हवा भरून तपासले जातात, कारण गळका फुगा आत गेला तर त्याचा उपयोग तर नाहीच, उलट धोका आहे. मग फुगे पूर्ण रिकामे करून, जेली लावून नळी तोंडातून, क्वचित नाकातून, ५० सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत सरकवली जाते. यानंतरची पायरी सर्वांत नाजूक आहे. जठरातला समजून अन्ननलिकेतच अडकलेला फुगा पूर्ण फुगवला, तर अन्ननलिका फाटते, आणि आधीच खचलेल्या रुग्णात असा अपघात बहुधा जीवघेणा ठरतो. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवेचा आवाज ऐकणे या कामी पुरेसे विश्वासार्ह नाही. त्यामुळे आधी सुमारे ५० मिलिलिटर हवा भरून एक्स-रे काढतात, फुगा जठरातच आहे हे डोळ्यांनी पाहतात आणि मगच तो पूर्ण फुगवतात. सेंगस्टाकेन-ब्लेकमोर नळीत साधारण २५० ते ३०० आणि मिनेसोटा नळीत ४५० ते ५०० मिलिलिटर हवा लागते. रक्ताच्या लोंढ्यात एक्स-रेसाठी थांबणे डॉक्टरांनाही जिवावर येते, बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना तर तो निव्वळ उशीर वाटतो. पण ती काही मिनिटे वाचवण्याची किंमत फार मोठी असू शकते.

फुगा भरला की नळी हलकेच बाहेर ओढतात. अडथळा जाणवतो, म्हणजे फुगा जठराच्या तोंडाशी टेकला. हा ताण टिकून राहावा म्हणून नळीला दोरी बांधून ती खाटेच्या पायथ्याकडच्या कप्पीवरून सोडतात आणि तिला अर्धा ते एक किलो वजन लावतात. आपल्याकडे यासाठी बहुधा सलाइनची बाटली टांगलेली दिसते. नळी ओठापाशी कोणत्या खुणेवर आहे हे लिहून ठेवले जाते, कारण ती खूण बदलली तर फुगा सरकला असे समजावे लागते. अन्ननलिकेतला फुगा फुगवायची वेळ आलीच, तर त्यातला दाब मोजण्यासाठी रक्तदाबाचेच यंत्र जोडता येते. इथे हवा किती भरली यापेक्षा दाब किती आहे, याला महत्त्व असते.

चोवीस तासांचा पहारा

नळी नीट बसली की दहापैकी आठ-नऊ रुग्णांचा रक्तस्राव थांबतो. हा आकडा ऐकून हायसे वाटते, पण त्याच्या जोडीला दुसराही आकडा ठेवावा लागतो : पुढचा काही उपाय न करता फुगे नुसतेच सोडले, तर त्यांपैकी जवळपास निम्म्या रुग्णांना पुन्हा रक्तस्राव होतो. शीर बरी झालेली नसते, पोर्टल व्हेनमधला दाब उतरलेला नसतो, रक्ताला फक्त तात्पुरते रोखलेले असते.

मग फुगा तीन-चार दिवस ठेवायला काय हरकत आहे, असे विचारले जाते. हरकत आहे ती दाबाचीच. शरीरातल्या कोणत्याही ऊतीला सर्वांत बारीक केशवाहिन्यांमधून रक्त मिळते, आणि त्यांच्यातला दाब साधारण २५ ते ३० मिलिमीटरच्या घरात असतो. त्याहून जास्त दाब सतत राहिला की ऊतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरू लागते. रक्तस्राव थांबवण्यासाठी लागणारा दाब आणि अन्ननलिकेच्या भिंतीला इजा करणारा दाब यांच्यामध्ये सुरक्षित अंतर जवळपास नाहीच. म्हणून २४ तासांची मर्यादा पाळायची असते. अन्ननलिकेतला फुगा तर त्याहीपूर्वी, रक्त थांबलेले आहे असे पाहून, टप्प्याटप्प्याने सैल करत नेतात. ओठ, जीभ आणि नाकपुडी यांच्यावर नळी घासून जखम होऊ नये म्हणून तिची जागा व गादी पाहत राहावे लागते.

या काळातला सर्वांत भीषण अपघात अगदी काही सेकंदांत घडतो. जठरातला फुगा फुटला किंवा त्यातली हवा गळाली, तर नळीला खाली धरून ठेवणारे काही उरत नाही. बाहेरचे वजन ओढतच असते, त्यामुळे अन्ननलिकेतला फुगलेला फुगा वर सरकून घशात येतो आणि श्वासमार्ग बंद करतो. यासाठी रुग्णाच्या उशाशी कात्री ठेवण्याची पद्धत आहे. रुग्णाला श्वास घेता येत नाही असे दिसताच तोंडाबाहेरची नळी सरळ आडवी कापतात, सगळे मार्ग एकदम उघडे होऊन दोन्ही फुग्यांतली हवा क्षणात निघून जाते आणि नळी बाहेर काढता येते. रुग्णाच्या डोक्याशी चिकटपट्टीने लावलेली कात्री दिसली तर ती तिथे चुकून राहिलेली नाही, हे भेटायला येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे आणि ती हलवू नये.

फुगे फुगलेले असताना रुग्णाला स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाही. ती फुग्याच्या वर साचते आणि श्वासनलिकेकडे झिरपू शकते, म्हणून ती सतत शोषून घ्यावी लागते. सेंगस्टाकेन-ब्लेकमोर नळीत त्यासाठी वेगळा मार्ग नसल्याने फुग्याच्या वरपर्यंत एक रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून टाकायची बारीक नळी, जोडीने ठेवली जाते. जठरातून येणारे द्रव तासातासाला पाहिले जाते : लाल रक्ताऐवजी जुने, काळपट रक्त येऊ लागले की रक्तस्राव थांबत असल्याची ती खूण असते. हे सारे काम बहुतांशी परिचारिकांचे असते. एका परिचारिकेकडे चार-पाच अत्यवस्थ रुग्ण असतील, तर नळीचा पहारा नीट होणे कठीण आहे, आणि ही गोष्ट रुग्णालयांच्या व्यवस्थापनांनी गांभीर्याने घ्यायला हवी.

फुगे काढण्यालाही क्रम आहे. आधी अन्ननलिकेतला फुगा रिकामा करायचा, मग बाहेरचा ताण सोडायचा आणि शेवटी जठरातला फुगा रिकामा करायचा. हा क्रम उलटा झाला तर वर सांगितलेला अपघात आपणच ओढवून घेतल्यासारखे होते. शक्य असेल तर रिकामी नळी काही काळ आतच ठेवतात, म्हणजे पुन्हा रक्त आले तर लगेच फुगवता येते.

मिळालेल्या वेळात काय करायचे

या चोवीस तासांत करण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. पहिली म्हणजे रुग्ण स्थिर झाल्यावर, रक्ताचा लोंढा थांबलेला असताना, पुन्हा एन्डोस्कोपी करून बँड लावणे. दुसरी आणि अधिक परिणामकारक म्हणजे टिप्स नावाची प्रक्रिया. मानेतल्या शिरेतून तार यकृतापर्यंत नेऊन, पोर्टल व्हेन आणि यकृतातून बाहेर पडणारी शीर यांच्यामध्ये धातूच्या जाळीची छोटी नळी बसवली जाते. तुंबलेल्या रक्ताला थेट वाट मिळते आणि दाबच उतरतो, म्हणजे मुळावर उपाय होतो. तिचीही किंमत असते : यकृतात न गाळलेले रक्त मेंदूकडे जाऊन गुंगी वाढू शकते आणि आधीच फार कमकुवत असलेले यकृत आणखी ढासळू शकते. म्हणून ती प्रत्येकाला करता येत नाही.

फुग्याच्या नळीला आता एक पर्यायही आहे. अन्ननलिकेत आपोआप उघडणारी, आवरण असलेली धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवून आतून दाब देता येतो. ती सात दिवसांपर्यंत ठेवता येते आणि तिच्यातून द्रव अन्नही जाऊ शकते. स्पेनमधल्या काही रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८ रुग्णांमध्ये या दोन्हींची तुलना केली गेली. रक्तस्राव आटोक्यात, गंभीर अपाय नाही आणि पंधराव्या दिवशी रुग्ण जिवंत, असे यश स्टेंटच्या गटात ६६ टक्के, तर नळीच्या गटात २० टक्के होते. गंभीर अपाय स्टेंटमध्ये १५ टक्के आणि नळीमध्ये ४७ टक्के होते. जगण्याच्या प्रमाणात मात्र निर्णायक फरक दिसला नाही, आणि अठ्ठावीस ही संख्या लहान आहे. तरीही, स्टेंट उपलब्ध असेल आणि तो बसवणारे हात असतील, तर त्याला प्राधान्य द्यावे, असे मला वाटते. अडचण अशी की, स्टेंट महाग आहे आणि मोजक्याच केंद्रांमध्ये मिळतो. फुग्याची नळी त्या मानाने स्वस्त आहे आणि कपाटात ठेवता येते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही नळी अजून कालबाह्य का नाही, याचे उत्तरही त्यातच आहे. गडचिरोली, नंदुरबार किंवा सिंधुदुर्गातल्या रुग्णाला टिप्स करणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचायला मुंबई, पुणे किंवा नागपूर गाठावे लागते, आणि २०१४ पासून राज्यभर धावणारी १०८ ची रुग्णवाहिका वेळेवर आली तरी रस्ता काही तासांचा असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी श्वासमार्ग सुरक्षित करून, टर्लिप्रेसिन सुरू करून, एक्स-रेने खात्री करून नळी टाकणारा एक डॉक्टर असेल, तर तो प्रवास शक्य होतो. मात्र नळी टाकल्यावर पुढे कुठे जायचे, तिथे खाट आहे का, टिप्स करणारे डॉक्टर आहेत का, याची चौकशी फुगा फुगवण्याआधीच सुरू व्हायला हवी, कारण चोवीस तासांचे घड्याळ त्या क्षणापासून चालू होते. रुग्णाबरोबरच्या चिठ्ठीत फुगा किती वाजता फुगवला, किती हवा आहे, नळी ओठापाशी कोणत्या खुणेवर आहे आणि अन्ननलिकेतला फुगा फुगवला आहे की नाही, या गोष्टी ठळक लिहिलेल्या असाव्यात.

संमतीपत्रावर सही करताना नातेवाइकांनी डॉक्टरांना आवर्जून विचारावे, ते हेच : रक्त थांबल्यानंतर पुढची पायरी कोणती, ती इथे होईल का, आणि फुगे कधी सोडणार? या प्रश्नांनी डॉक्टरांचा अवमान होत नाही. चांगले डॉक्टर त्यांची वाट पाहत असतात. कधी कधी उत्तर कठीणही असते. यकृत पूर्णपणे निकामी झालेले आहे, प्रत्यारोपण शक्य नाही आणि टिप्स झेपणार नाही, अशा रुग्णाच्या बाबतीत नळी टाकून मिळालेल्या वेळाचा उपयोग करता येईल असे पुढे काहीच नसते. तेव्हा नळी न टाकता त्रास कमी करण्यावर भर देणे हाही योग्य उपचार असू शकतो, आणि डॉक्टरांनी तो पर्याय कुटुंबापुढे स्पष्ट शब्दांत मांडायला हवा.

जे रुग्ण यातून बाहेर पडतात, त्यांच्या शिरा पूर्ण नाहीशा होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी बँड लावावे लागतात, आणि सोबत प्रोप्रानोलॉल किंवा कार्वेडिलॉल यांसारखी गोळी दाब कमी ठेवण्यासाठी चालू राहते. दारू कारण असेल तर ती कायमची बंद करावी लागते. हेपटायटिस बी किंवा सी असेल तर २०१८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून त्याची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. पोर्टल व्हेन बंद असलेल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे : त्यांचे यकृत चांगले असते, त्यामुळे रक्तस्राव निभावून नेला तर त्यांच्यापुढे मोठे आयुष्य असते, आणि योग्य रक्तवाहिन्या मिळाल्या तर मेसो-रेक्स नावाच्या शस्त्रक्रियेने बंद पडलेल्या मार्गाला वळसा देऊन आतड्यांचे रक्त पुन्हा त्यांच्याच यकृतात सोडता येते.